न दाखवलेल्या खोलीचा भाव नाही

संपादक घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा की दिवाळी अंकासाठी. हलकंफुलकं." मी म्हटलं, मी काय सर्कशीत होतो का हो? मी जुन्या घरांचे भाव काढत होतो. भाव सांगितला की विकणाऱ्याला वाटायचं मी घेणाऱ्याचा माणूस, आणि घेणाऱ्याला वाटायचं मी विकणाऱ्याचा. दोघंही चहा पाजायचे आणि मी वळलो की दोघंही शिव्या द्यायचे. यात गंमत कुठं आहे ती तुम्हीच शोधा. तरी लिहितो. एकच अट घातली आहे. आमच्याकडची माणसं जशी बोलतात तशीच छापायची, वरून पुण्याची इस्त्री फिरवायची नाही. संपादक हो म्हणाले. त्यांनी शब्द पाळला की नाही हे तुम्हाला पुढं दिसेलच.

मी ओव्हरसियरचा डिप्लोमा केलेला. काही वर्षं सरकारी बांधकामावर काढली, साहेबाशी भांडलो, नोकरी सोडली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चंद्रपुरात स्वतःचा टेप घेऊन बसलो. बँकेला घरावर कर्ज द्यायचं असलं की ते घर किती किमतीचं हे कोणीतरी पाहून लेखी द्यावं लागतं. तो कोणीतरी मी. लोक मला 'भाववाले साहेब' म्हणत. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा मी शाळेत जाण्याइतकाही नव्हतो. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, भाव काढायला काय लागतं? लांबी गुणिले रुंदी, झालं. या, करून दाखवा. परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आतली आमची जुनी घरं रस्त्यावर अरुंद आणि आत लांबच लांब. पुढं सपरी, म्हणजे रस्त्याकडची ओसरी. मग बैठक, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि देवघर, मागं आंगण, विहीर, न्हाणी. वर कवेलू, म्हणजे कौलं, आत सागवानाचे खांब, आणि हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, बऱ्याचदा शेजाऱ्याशी सामायिक. दलाल मंडळी दोनच गोष्टी बघत, जागा किती आणि सागवान किती. कसाई बकऱ्याकडे बघतो तसे ते घराकडे बघत. आत माणसं राहणार आहेत हे त्यांच्या गावीही नसे.

मी आधी माजघरात जाऊन उभा राहायचो. भर दुपारी तिथं दिवा लावावा लागतो का? विहिरीवरून भरलेली घागर चुलीपर्यंत न्यायला बाईला किती उंबरे ओलांडावे लागतात? पावसाळ्यात इरई नदीला पुराची फुग आली की गल्लीत पाणी कुठवर चढतं? त्या पाण्याची भिंतीवर रेघ राहते. विकणारा ती चुना मारून झाकतो आणि मी ती नखानं खरवडून काढतो. सागाच्या गाभ्याला उधई, म्हणजे तुमची वाळवी, सहसा लागत नाही, पण जमिनीजवळ आणि भिंतीत शिरलेल्या टोकाशी बघावंच लागतं. तिथं बोटाच्या पेरानं वाजवायचं, पोकळ असेल तर लगेच कळतं. शिवाय आमच्या शहराच्या पोटात कोळशाच्या खाणी. सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजायची. त्यामुळे भिंतीला चीर दिसली की ती जिवंत की मेलेली हे ठरवणं आलं. चिरेवर आडवी कागदाची पट्टी खळीनं चिकटवायची आणि आठवड्याला जाऊन बघायची. पट्टी फाटली तर भिंत अजून सरकते आहे, पट्टी धड राहिली तर भिंत स्थिर आहे.

टेपचं एक टोक मी धरायचो आणि दुसरं मालकानं धरायचं. मालकाच्या हातात टोक असलं की नंतर "तुमीच चुकीचं मोजलं" म्हणायची सोय राहत नाही. काही मालक ते टोक धोतराच्या सोग्यात धरायचे, माझ्या हाताचा टेप त्यांच्या हाताला लागू नये म्हणून. मी टेप जरा जोरानं ओढायचो. काय करणार, मोजमाप अचूक पाहिजे ना!

आता माझा नियम सांगतो. धान्याचे एक व्यापारी होते. त्यांना धंदा वाढवायला घरावर कर्ज हवं होतं. मी गेलो तर सपरीत खुर्ची टाकलेली. म्हणाले, "बसा साहेब इथीच. आतलं मी सांगतो, तुमी लिहून घ्या."

"आत काऊन नाई?"

"आत बायका हायेत."

"मले बायका नाई मोजायच्या. भिती मोजायच्या हायेत."

ते ओशाळं हसले. "तसं नाई हो साहेब. आई सोवळ्याची हाये आमची. समजून घ्या न जरा."

मी समजून घेतलं. सपरी मोजली, बैठक मोजली, नमस्कार केला आणि निघालो. बँकेला लिहून दिलं की या घरात एक सपरी आणि एक बैठक आहे, याखेरीज काही पाहण्यात आलं नाही, सबब किंमत एवढीच. मॅनेजरनं व्यापाऱ्याला विचारलं म्हणे, "तुमच्या घरात स्वयंपाक कुठं होतो, रस्त्यावर?" दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याची स्कूटर माझ्या दारात.

"साहेब, माझं अर्ध्याहून जास्त घर कुठी गेलं?"

"मले काय माहीत? तुमीच लपवून ठेवलं."

खूप चरफडला, पण गरज त्याची होती. मी पुन्हा गेलो, आणि या वेळी सगळ्या खोल्यांतून फिरलो. स्वयंपाकघरात त्याची आई बसली होती, जिच्या सोवळ्याचं कारण सांगितलं होतं तीच. मला बघून म्हणाली, "बरं झालं आला बापा. त्या कोपऱ्यात पाणी गळते, चार पावसाळे झाले. ह्याले सांगून सांगून माही जीभ झिजली, हा दुकान सोडून पाहत नाई." मी वर चढून कवेलू बघितले, दोन फुटलेले होते. व्यापारी दारात लाल तोंड करून उभा. तिनं मला गूळ-पाणी दिलं ते मी मुद्दाम सावकाश प्यालो.

तेव्हापासून नियम झाला. जी खोली मला दाखवली नाही, ती त्या घरात नाही आणि तिला भाव नाही. देवघर असो, तिजोरीची खोली असो, कोणाच्या आज्याचं सोवळं असो. बँकेच्या मॅनेजरकडे तक्रारी गेल्या. तो बिचारा म्हणाला, "जरा समजुतीनं घ्या हो." मी म्हटलं, "समजुतीनं घ्यायचं काम माझ्या बापानं आणि आज्यानं करून ठेवलं आहे. माझ्या वाट्याला उरलं नाही." त्यानंतर त्यानं पुन्हा विषय काढला नाही, आणि कामंही पाठवत राहिला, कारण मी भाव काढलेलं एकही घर त्याच्या गळ्यात पडलं नव्हतं.

गडचिरोली नवा जिल्हा झाला तेव्हा तिकडं तर धमालच उडाली. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, आणि राहायला घरं कुठं होती? ज्याच्याकडे चार भिंती तो मालक झाला. एकानं गोठ्याला चुना मारला आणि मला भाव विचारायला नेलं. आत बैल उभा. मी म्हटलं, "आणि हा?" तो म्हणाला, "थो जाईन न साहेब, राह्याले साहेब लोक आले का मंग." बैलाकडे बघून मला वाटलं, याला तर कोणी विचारलंही नसेल. तिकडेच पुढं, एटापल्लीच्या बाजूला, एका कामाला गेलो असताना एक म्हातारा गोंड शेतकरी भेटला. त्याच्या घराचे खांब असे की कवेत मावू नयेत. न राहवून मी त्याला म्हटलं, "बाबा, ह्या घराचा नागपुरात काय भाव होईन, माहीत हाये का?" त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "भाव काऊन? मी कुठी जाऊन राह्यलो?" टेप खिशातच ठेवून मी एसटीच्या थांब्याकडे निघालो.

पण ज्या घरासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते चंद्रपुरातलंच.

कुसुम नावाची एक नर्स होती, मोठ्या सरकारी दवाखान्यात. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही म्हणायचो. घरात ती आणि तिची आई, सोनाबाई. बाप लाकडाच्या डेपोत हमाली करता करता गेलेला. सिस्टरची ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून दवाखान्याच्या जवळ राहणं भाग होतं. खोली मिळायची, काही महिने बरे जायचे, मग मालकाला आडनावाचा उलगडा व्हायचा, नाहीतर मालकाला ते आधीच ठाऊक असायचं पण शेजाऱ्यांना कळायचं. मग मालकाच्या पुतण्याचं अचानक लग्न ठरायचं आणि त्याला राहायला नेमकी तीच खोली लागायची. चंद्रपुरात लग्नाचे इतके पुतणे आहेत हे मला सिस्टरकडूनच कळलं. दरवेळी सोनाबाई मुकाट्यानं भांडी पोत्यात भरायची. सिस्टर मला म्हणाली, "भाऊ, मी आता खोली नाई पाहत. घर पाहतो. उठ म्हणणारा कोणी नसन असं."

तिनं घर शोधलंही स्वतःच. परकोटाच्या आत, दवाखान्यापासून चालत जाण्याजोगं. मालक रामभाऊजी. म्हातारा माणूस, बायको वारलेली, मुलगा नागपूरला, तो बोलावत होता. रामभाऊजी काही सुधारक वगैरे नव्हते. मी त्यांना तोंडावर विचारलं, सिस्टरला घर द्यायला तुमची हरकत नाही ना? ते सुपारी कातरत म्हणाले, "पैसा बँकेचा हाये न? मग बँकेलेच पाहू दे ती कोण हाये थे." एवढाच त्यांचा पुरोगामीपणा, आणि तेवढा मला पुरेसा होता.

घर बघून मात्र माझं मन भरलं. अहो, काय खांब! रामभाऊजींच्या वडिलांनी आलापल्लीच्या जंगलातून निवडून आणलेले. कवेलू सरळ रांगेत, विहिरीला पाणी, माडीवर वारा. माजघर तेवढं अंधारं होतं, पण आंगणाकडे एक खिडकी काढली की काम होणार होतं. शेजारच्या वकिलाशी सामायिक असलेल्या भिंतीवर खालच्या अंगाला ओल होती आणि लोणा धरला होता, म्हणजे पांढरी खारट भुकटी. तेवढंच मला खटकलं. ही ओल येते कुठून?

उत्तर दोन दिवसांत स्वतःच चालत माझ्याकडे आलं. वकीलसाहेब. खांद्यावर कडक इस्त्रीचं उपरणं, आवाज मधाळ. म्हणाले, "तुमच्यासारखा शिकलेला माणूस, म्हणून मोकळं बोलतो. रामभाऊजीचं घर बाहेरून दिसते चांगलं. खांबाले आतून उधई हाये. आणि आमच्याकडून पाहाल तं सामायिक भिंत पार फाटली हाये. चार पावसाळे नाई काढत. त्या बिचाऱ्या नर्सबाईच्या गळ्यात पडक्या घराचं लोढणं काऊन बांधून राह्यले? राहण्यालायक नाई असं लिहून द्या. तिचंही भलं, तुमचंही भलं. परकोटात कोणाचंही घर निघालं तं नाव तुमचंच सुचवीन."

किती काळजी हो! माणूस डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. मी म्हटलं, "वकीलसाहेब, खांब मी पाहिले. भिंत तुमच्या बाजूनं नाई पाहिली. दाखवा."

"दाखवायचं काय त्यात? मी सांगून राह्यलो न."

"न दाखवलेल्या खोलीले मी भाव देत नाई, तशी न दाखवलेली चीरही लिहीत नाई."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण ती भिंत कुठं होती? त्यांच्या स्वयंपाकघरात! मला आत घ्यावं तर स्वयंपाकघर बाटणार, न घ्यावं तर चीर गेली. दोन दिवस त्यांनी विचार केला. मग निरोप आला, या.

मी गेलो. स्वयंपाकघरातली सगळी भांडी, लोणच्याच्या बरण्या, पीठ-मिठाचे डबे आंगणात नेऊन ठेवले होते आणि त्यावर धोतर पांघरलं होतं. चुलीत विस्तव नव्हता. घरच्या बायका दिसल्या नाहीत, फक्त बांगड्यांचा आवाज आला कुठूनतरी. मी रिकाम्या खोलीत उभा राहिलो आणि माझं डोकं असं तापलं की विचारू नका. वाटलं, निघून जावं. मग सोनाबाईची पोती आठवली, आणि मी खाली बसून भिंत बघायला लागलो.

चीर होती. हातभर लांब. किल्लीनं खरवडली तर फक्त वरच्या गिलाव्यात होती, आतली माती दगडासारखी. ओल मात्र तिथंच होती, आणि ती कुठून येत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. वकीलसाहेबांच्या न्हाणीचं पाणी नालीत जायच्या ऐवजी वर्षानुवर्षं त्या भिंतीच्या पायात मुरत होतं. दुखणं त्यांनी दिलेलं आणि बोंबही तेच मारत होते!

चिरेचा निकाल मला तिथंच लागला होता. पण भांडी आंगणात काढणाऱ्या माणसाला मी असा सोडणार होतो का? मी तोंड गंभीर केलं. "साहेब, चीर मोठी वाटते. कागद चिकटवावा लागन."

"चिकटवा."

"मग दर आठवड्याले येऊन पाहावं लागन. पुरा महिना. इथीच, आत."

वकीलसाहेबांनी आंगणातल्या बरण्यांकडे पाहिलं. आत बांगड्या जोरात वाजल्या. ते घाईनं म्हणाले, "राहू द्या. तशी काई खास नाई चीर. गिलावाच उडाला हाये."

"असं तुमचं म्हणणं लिहू?"

"लिहा, लिहा."

मी लिहिलं. सामायिक भिंत भक्कम, चीर गिलाव्याची, ओल शेजारच्या न्हाणीची, दुरुस्ती शेजाऱ्याकडे. रास्त भाव लिहिला. रुपयानं कमी नाही आणि रुपयानं जास्त नाही. बँकेनं कर्ज मंजूर केलं. सिस्टर पेढे घेऊन आली आणि मी मधुमेह असून दोन खाल्ले.

आठच दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी रडवेली. ज्या घराला चार पावसाळ्यांचं आयुष्य नव्हतं, त्या घराला वकीलसाहेब आता माझ्या भावापेक्षा बराच जास्त भाव देत होते. गल्लीतल्या आणखी दोघांनी त्यात पैसे घालायचं कबूल केलं होतं. रामभाऊजी डळमळले होते, आणि बँक माझ्या आकड्यापुढं एक पैसा देणार नव्हती.

सिस्टर म्हणाली, "भाऊ, तुमी तेवढा भाव वाढवून लिहून द्या न. घर त्या लायकीचं हाये, तुमीच म्हणत होते."

मी नाही म्हणालो. घर माझ्या आकड्याच्या लायकीचं होतं. वरचा भाव घराचा नव्हताच, तो तिला बाहेर ठेवायचा भाव होता. तो मी माझ्या सहीनं तिच्याच डोक्यावर कर्ज म्हणून चढवू?

ती उठून उभी राहिली. "तुमचा खरेपणा माझ्याच वाट्याले आला का, भाऊ? जे लोक तुमाले भांडी झाकून आत घेतात, त्यायनं लावलेल्या भावापुढं तुमी मले नियम सांगून राह्यले?"

ते मला झोंबलं. आजही झोंबतं. पण आकडा मी तेव्हा बदलला नाही आणि आज कोणी विचारलं तरी बदलणार नाही. आमच्यातल्या माणसानं आमच्यातल्या माणसासाठी एक आकडा फुगवला असता, तर माझे आधीचे सगळे आकडे खोटे ठरवायला ती गल्ली टपलेलीच होती. मी तिला म्हटलं, "सिस्टर, भाव बदलत नसतो. मालक बदलतो का पाहू. उद्यापर्यंत थांबा."

इतकी वर्षं घरं बघून मला एक गोष्ट पक्की कळली होती. घरमालकाला पैसे कमी द्या, तो घासाघीस करेल, रुसेल, मानेल. पण त्याच्या घराला नाव ठेवा, बघा काय होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामभाऊजींच्या सपरीत जाऊन बसलो. ते सुपारी कातरत होते.

"वकीलसाहेब चांगला भाव देऊन राह्यले म्हणे," मी म्हटलं.

"हो न. तुमच्याहून बराच वर."

"मोठ्या मनाचा माणूस. उधई लागलेल्या घराले इतका भाव कोण देते?"

अडकित्ता थांबला. "उधई? कोणाच्या घराले?"

"ह्याच. तुमाले नाई बोलले का? मले म्हणत होते, खांब आतून पोकळ हायेत, भित फाटली हाये, चार पावसाळे नाई काढत. पडकं घर असं लिहून मागत होते माझ्याकडून."

तुम्ही म्हणाल, ही चुगली झाली. झाली तर झाली! वकीलसाहेबांनी माझ्याकडून काही गुप्ततेची शपथ घेतली नव्हती, आणि घेतली असती तरी मी पाळली नसती.

रामभाऊजी उठले. वय झालेला माणूस, पण खांबावर अशी थाप मारली की वरची चिमणी उडाली. "ह्या खांबाले? माह्या बानं आलापल्लीहून बैलबंडीवर आणलेल्या खांबाले?" आणि तिथूनच शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडले, "ओ वकीलसाहेब! या इकडं! दाखवा मले कुठी उधई हाये थे!"

वकीलसाहेब बाहेर आले, मला पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "मी तसं नाई म्हटलं, रामभाऊजी."

"मग कसं म्हटलं? घर पडकं हाये तं जास्त पैसे काऊन देऊन राह्यले?"

वकिलांनी आवाज खाली आणला. "गल्लीसाठी हो. आपल्या गल्लीसाठी. तुमी समजून घ्या न."

"गल्लीसाठी माह्या बाच्या घराले पडकं म्हटलं?" रामभाऊजी सपरीची पायरी उतरले. "माह्या घराले चांगलं म्हणत थी पोरगी हात जोडत आली. तुमाले तं हे पाडून लाकडं विकायची असतील!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, सांगा त्या नर्सबाईले. कागद कधी करायचे?"

कागद झाले. माझ्याच भावात. परकोटातलं माझं काम मात्र तेव्हापासून आटलं. वकीलसाहेबांनी शब्द उलटा पाळला, जिथं जिथं घर निघालं तिथं तिथं माझं नाव वगळलं. माझ्या मुलीच्या शिक्षणाची ती वर्षं, ओढाताण झाली. मी गडचिरोलीच्या एसटीत बसायला शिकलो. हळहळ वाटली नाही असं म्हणणार नाही, पण वकिलाला कधी ती दिसू दिली नाही.

घर ताब्यात आल्यावर महिना-दीड महिन्यानं सिस्टर भेटली. म्हणाली, "भाऊ, एकदा घरी या. आई गाठोडी सोडत नाई." मी गेलो. घरात खिडकी काढून झाली होती, माजघरात उजेड आला होता, आणि त्या उजेडात सोनाबाईची पोती, पत्र्याची पेटी, गोधडीत बांधलेलं काहीतरी, सगळं भिंतीशी रांगेनं तसंच ठेवलेलं. रोज लागणारी चार भांडी तेवढी बाहेर. गल्लीतली दारं लागलेली होती, पण त्याचं दोघींना नवल नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, सामान काऊन नाई लावलं?"

सोनाबाई म्हणाली, "लावलं का मंग कोणीतरी येते आन् उठा म्हणते. बांधलेलं बरं."

"इथी कोण उठवन? घर तुमच्या पोरीचं हाये."

तिनं भिंतीशी ठेवलेलं एक गाठोडं पुढं ओढलं. मग गोधडीची गाठ सोडली. आत तथागताची तसबीर होती, काचेची, जपून ठेवलेली. म्हणाली, "हिच्या बापानं आणली होती. कोण्या खोलीत टांगता नाई आली. घरवाले भितीले खिळा ठोकू देत नव्हते. जमिनीवर कशी ठेवू? म्हणून बांधूनच राह्यली." मग भीत भीत मला विचारलं, "भाऊ, तुमाले भितीतलं समजते. इथी एक खिळा ठोकू का?"

तिचं बोट सामायिक भिंतीवर होतं. दारातून येणाऱ्याला पहिली दिसावी अशी जागा तीच होती. सिस्टर चटकन म्हणाली, "तिथी नको आई. पलीकडं वकील हायेत."

"भित सोसन का, भाऊ?"

"सोसन," मी म्हटलं. "ही भिंत मी दोन्ही बाजूनं पाहिली हाये. ठोका."

हातोडी नव्हती. तिनं वरवंटा घेतला. पहिला घाव दबकत घातला, खिळा वाकडा गेला. दुसरा जरा जोरात. गिलाव्याची माती खाली पडली आणि पलीकडे मांडणीवरची भांडी वाजली. लगेच वकिलांचा आवाज आला, भिंतीपलीकडून पण स्पष्ट, "कोण हाये तिकडं? कोण ठोकून राह्यलं?"

सोनाबाईचा हात वरच थांबला. आयुष्यभर असा आवाज आला की सामान उचलायचं, एवढंच त्या हाताला माहीत होतं. सिस्टर पुढं झाली. मीही तोंड उघडलंच होतं, चांगलं सणसणीत काहीतरी जिभेवर आलं होतं.

आम्ही बोलायच्या आधी म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी ठोकून राह्यली! घरमालकीन!"

आणि तिसरा घाव घातला.